आटलेलं तळं, चार आसनी विमान आणि माझे मेहुणे

मनीषाचा फोन आला तेव्हा मी बॉनमधल्या आमच्या बाल्कनीत टोमॅटोंना भांडी विसळलेलं पाणी घालत होतो. २०१८चा उन्हाळा होता तो. कित्येक आठवड्यांत पाऊस असा झालाच नव्हता. ऱ्हाईन इतकी खाली गेली होती की लोक काठावर उभे राहून नदीचे दगड बघत होते, आणि ऊन पडलं की अंगावरचे कपडे काढायला धावणारे आमचे शेजारीसुद्धा आकाशाकडे संशयाने पाहायला लागले होते.

"दादा, पुढच्या शुक्रवारी सुट्टी काढ. नितीनबरोबर तिकडे पूर्वेला, लाउझित्झला जाऊन ये."

"तिथे काय आहे?"

"एक आटलेलं तळं आहे. त्यावर तो विमान उतरवणार आहे."

माझी धाकटी बहीण लहानपणापासून वाईट बातम्या अशाच सांगते, किराणा सांगितल्यासारख्या.

नितीनराव म्हणजे तिचे यजमान. इंगोलश्टाटला गाड्यांच्या सस्पेन्शनचे इंजिनिअर. दिवसभर चाकाखालचा खड्डा माणसाला कळू नये म्हणून झटतात आणि शनिवार-रविवारी क्लबचं विमान उडवतात. चाळिशीत लोक सायकल घेतात, मॅरेथॉन पळतात, एखादा गुरू करतात. यांनी वैमानिकाचा परवाना काढला.

वसंतात हे मनीषाला आणि मुलीला, सईला, घेऊन एका छोट्या गवताळ धावपट्टीवर सहलीला गेले होते. वर पोचले तर वारा पाठीमागून. अशा वेळी दुसऱ्या बाजूने उतरायचं किंवा मुकाट परत फिरायचं. पण दुसऱ्या बाजूला उंच झाडं होती, डब्यात पुरी-भाजी होती, सईला भूक लागली होती, आणि नितीनराव म्हणाले, "आता एवढे आलोच आहोत तर..." विमान धावपट्टी संपल्यावरही धावत राहिलं, कुंपण तोडून मोहरीसारख्या पिवळ्याधमक रेपच्या पिकात जाऊन थांबलं. कोणाला खरचटलंही नाही. पुरी-भाजीसुद्धा शाबूत राहिली, पण ती कोणी खाल्ली नाही.

त्यानंतर क्लबने सांगितलं, क्लबने नेमलेल्या शिक्षिकेने सही दिल्याशिवाय विमानाला हात लावायचा नाही. मनीषाने सांगितलं, सही मिळाली तर उड, नाही मिळाली तर कायमचं खाली. नितीनरावांनी दोन्ही अटी मान्य केल्या. परीक्षा त्या तळ्यावर होणार होती, आणि मला देखरेखीला पाठवायचं ठरलं. मोठा भाऊ असण्याचे फायदे मला आजवर कोणी सांगितलेले नाहीत, कामं मात्र वेळेवर कळतात.

"अहो, वरून फोटो नीट काढा," एवढंच माझ्या बायकोने सांगितलं. विधवा व्हायची शक्यता तिच्या डोक्यात आली नसावी, किंवा आली असली तरी फोटो जास्त महत्त्वाचे वाटले असावेत.

शुक्रवार

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: बॉनहून इंगोलश्टाट रेल्वेने सकाळभराचं काम आहे, गाडी वेळेवर असेल तर. नसतेच, तेव्हा बरोबर पोळीचे रोल ठेवा. पुढे आम्ही नितीनरावांच्या गाडीने गेलो: ए-नाइनने उत्तरेला, मग हेर्म्सडोर्फच्या चौकात उजवीकडे वळून ए-फोरने ड्रेस्डेन ओलांडून. वाटेत बाउश्टेले, म्हणजे रस्त्याची कामं, इतकी की रस्ता तयार करून झाल्यावर जर्मन लोक तो वापरतात तरी कधी, असा प्रश्न पडावा. सस्पेन्शन ज्याने तयार केलंय त्याच्याच गाडीत बसून जात असल्याने खड्डे मात्र लागले नाहीत. वाटेत प्रत्येक नसलेल्या खड्ड्याचं श्रेय त्यांनी घेतलं.

ड्रेस्डेननंतर माणसं विरळ होतात, पाइनची झाडं वाढतात. गावांच्या पाट्या दोन भाषांत, जर्मन आणि इथल्या स्लाव लोकांची सॉर्बियन. त्या उन्हाळ्यात दोन्ही भाषांत पाटीखालचं गवत सारखंच जळलेलं होतं. मका गुडघ्याएवढा होऊन वाळलेला. जंगलाच्या तोंडाशी वणव्याच्या धोक्याचे लाल फलक. 

"दादा, नामिबियात मिठाची तळी आहेत म्हणे," नितीनराव मध्येच म्हणाले. "मैलोन् मैल सपाट, कोरडी. आसपास एक माणूस नाही. माझी परीक्षा घेणाऱ्या फ्राऊ नोआक दर वर्षी एक गट घेऊन जातात तिथे. सही मिळाली तर पुढच्या वर्षी मीही."

"मनीषाला सांगितलंय?"

"सही मिळाल्यावर सांगणार."

माणूस आकाशात सरळ उडतो आणि घरात असा आडवाटेने जातो.

राहायला एका गावात पेन्सियॉन घेतली होती, माणशी पन्नासेक युरोत खोली आणि नाश्ता. जेवण समोरच्या गास्टहोफमध्ये, म्हणजे खानावळीत. या भागात गेलात तर उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वर जवसाचं तेल हे नक्की मागवा. क्वार्क म्हणजे आपला चक्काच, फक्त त्याला अजून श्रीखंड व्हायची स्वप्नं पडलेली नसतात. जवसाच्या तेलाचा वास आल्याबरोबर मला आमच्या घरची चटणी आठवली आणि मी लसूण आहे का विचारलं. वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा काही मागायचं धाडस झालं नाही. कार्प मासा यादीवर होता, पण त्यावर पेनाने रेघ मारलेली होती.

शनिवार

फ्राऊ नोआक जवळच्या छोट्या विमानतळावर भेटल्या. साठीच्या पुढच्या. केस तिथल्या गवतासारखेच, आखूड आणि वाळलेले. आयुष्याची वीस-बावीस वर्षं आफ्रिकेच्या वाळवंटात डॉक्टरांना आणि औषधांना घेऊन उडण्यात गेलेली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?"

मी जरा कमी करून सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कागदावर स्वतःच्या अंदाजाचा आकडा लिहिला. तो बरोबर होता.

"मला का बसवताय मागे?" मी विचारलं. "यांची परीक्षा आहे ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. एकटे असताना ते चांगलंच उडवतात. मागे माणसं बसली की बिघडतं. म्हणून मला मागे एक माणूस हवाय. तुम्ही काही खास करायचं नाही. नेहमी बोलता तसं बोला."

माझ्या आयुष्यात मला एवढं सोपं काम कोणी दिलं नव्हतं.

आता, जर्मनीत कचऱ्याचा पिवळा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला तर शेजारी दारावर चिठ्ठी लावतात, तिथे तळ्यात विमान कसं उतरवू देतात, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. देत नाहीतच. त्यासाठी गेनेमिगुंग लागते, म्हणजे रीतसर परवानगी: हवाई खात्याची एक, जागेच्या मालकाची एक. बाईंनी दोन्ही मिळवल्या होत्या. तुम्ही स्वतः प्रयत्न करणार असाल तर करू नका.

तळं म्हणजे माशांची शेती. हेर क्राल नावाच्या माणसाचं. पाणी यायचा ओढाच बंद पडल्यावर उन्हाळ्याच्या मध्यात त्यांनी उरलेले कार्प घाईघाईने काढून दुसरीकडे हलवले, बरेचसे वाटेतच मेले. आता तिथे पांढुरकी, भेगाळलेली जमीन होती, सरळ क्षितिजापर्यंत, कडेला वाळलेली लव्हाळ्याची बेटं. आम्ही पोचलो तेव्हा क्राल बांधावर हात खिशात घालून उभे होते.

"आधी लोक मासे मागायला यायचे," ते म्हणाले. "आता उतरायची जागा मागतात."

"पाऊस आला तर पुन्हा भरेल ना?" मी आपलं काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून बोललो.

"भरेल. पण ते मी असताना की नसताना, ते बघायचं." आणि जरा थांबून म्हणाले, "उतरा तुम्ही. कोणाच्या तरी उपयोगी पडू दे."

मग बाईंनी नितीनरावांना शिकवायला सुरुवात केली आणि मीही कान दिला. कोरड्या तळ्यावर उतरणं हे धावपट्टीवर उतरण्यापेक्षा सोपं वाटतं, कारण जागाच जागा असते. तीच फसवणूक आहे. खाली सगळं एकाच रंगाचं, एकही झाड नाही, घर नाही, त्यामुळे आपण जमिनीपासून किती उंचावर आहोत हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून खाली बघायचं नाही, कडेचं लव्हाळं बघत यायचं. पांढरं म्हणजे कोरडं, गडद म्हणजे ओल. वरची खपली कडक असते आणि खाली लोणी असतं. खपलीने चाक धरलं तर ठीक, नाही धरलं तर नाक जमिनीत. आधी उंचावरून एक फेरी. मग खालून एक, बाजूने. मग चाकं नुसती टेकवायची, इंजिन चालू ठेवून, आणि चाकाखालून काय आवाज येतो ते ऐकून परत वर. आणि मगच उतरायचं, तेही तिथून पुन्हा उडता येईल याची खात्री असेल तर.

"आणि कुठेही शंका आली तर?" बाईंनी विचारलं.

"परत फिरायचं," नितीनराव म्हणाले.

"ते सगळेच सांगतात," बाई म्हणाल्या.

दुपारभर नितीनराव त्या तळ्यात चालले. हातात लोखंडी गज. दर थोड्या पावलांनी गज जमिनीत खुपसायचा, जोर लावायचा, पुढे जायचं. त्यांचा एरवीचा हुशारीचा आव गेला होता. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसासारखे मान खाली घालून चालत होते. मऊ जागा सापडल्या त्या त्यांनी सोडल्या, आणि मधला लांब सरळ पट्टा चार कोपऱ्यांवर नारिंगी शंकू ठेवून आखला. मीही त्या पट्ट्यावर टाच आपटून पाहिली. डांबरासारखा कडक.

"दादा, इथे तर ट्रक उतरेल," ते म्हणाले. घामाने चेहरा लाल, पण त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी गास्टहोफबाहेर उभे राहून ते मनीषाशी बोलले. सईने फोन घेतला. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नितीनराव मात्र दोनदा जर्मन "या, या" म्हणाले, म्हणजे हो, हो, तिसऱ्यांदा "हो बाळा" म्हणाले, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, पप्पा, तुला उडायलाच हवं का."

रविवार

सकाळी निघालो. मी मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीशी, कानावर हेडफोन. पुढे डावीकडे नितीनराव, उजवीकडे बाई हात मांडीवर ठेवून, देवळात बसल्यासारख्या. विमान माझ्याहून वयाने थोडं मोठं होतं आणि तितकंच कुरकुरत होतं.

वरून लाउझित्झ पाहण्यासारखं आहे, असं मला लिहायला आवडलं असतं. एकामागून एक तळी दिसत होती, कुठे हिरवट डबकं उरलेलं, कुठे काहीच नाही. जंगलाचे मोठे तुकडे तपकिरी झालेले. एखाद्या आजारी माणसाच्या पाठीकडे बघावं तसं वाटत होतं. तरी मी फोटो काढले. सांगितलं होतं.

आमचं तळं आलं. नितीनरावांनी नियमाप्रमाणे उंचावरून फेरी घातली.  मग खाली उतरत दुसरी फेरी, पट्ट्याच्या बाजूने. तेवढ्यात मला दिसलं, त्यांनाही दिसलं असणार: एक शंकू आडवा पडला होता आणि पट्ट्याच्या मधोमध चार-पाच गडद डाग होते. आदल्या दिवशी नसलेले.

"ढगाची सावली असेल," मी म्हणालो.

"ढग कुठायत, दादा?"

नव्हते. कित्येक आठवड्यांत नव्हते.

"काल तर आपण चाललो इथून," नितीनराव म्हणाले. "प्रत्येक पावलावर बघितलंय मी. तिथे ओल नव्हतीच. नव्हतीच!" आवाज चढला होता. बाईंना मराठी कळत नाही, पण माणसाचा आवाज चढलेला कुठल्याही भाषेत कळतो. तरी त्या समोर बघत राहिल्या.

आणि मग मी बोललो. मला नेहमीसारखं बोलायला सांगितलं होतं म्हणून नाही. ते मी तेव्हा विसरूनच गेलो होतो. मला खरोखर उतरायचं होतं. बॉनहून आलो होतो, दोन रात्री काढल्या होत्या, तळ्यात उभ्या विमानाशेजारी माझा फोटो कसा दिसेल हेही ठरलेलं होतं.

"अहो नितीनराव, आता एवढे आलोच आहोत तर जरा बाजूने घ्या की. जागा काय कमी आहे?"

 विमान वळलं, तळ्याकडे तोंड केलं आणि खाली यायला लागलं. कडेचं लव्हाळं मोठं होत गेलं. मग ते बाजूने पळायला लागलं आणि खाली नुसतं पांढरं उरलं. आपण दहा माणसांच्या उंचीवर आहोत की एका, मला सांगता आलं नसतं. बाईंचा उजवा हात मांडीवरून उचलून गुडघ्यापाशी आला होता. 

इंजिन एकदम ओरडलं. नाक वर झालं, आणि तळं मागे पडलं.

"नाही, दादा," नितीनराव म्हणाले. तेवढंच.

परत विमानतळावर आलो. तिथली धावपट्टी डांबरी होती, मधोमध पांढरी रेघ होती, आणि ते इतकं हलक्या हाताने उतरले की चाकं कधी टेकली ते मला कळलं नाही. इंजिन बंद झाल्यावर बाईंनी विचारलं, "हे मागे काय म्हणाले?"

नितीनरावांनी माझं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. बाई मागे वळल्या, माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसल्या. "आल्झो, तर मग, तुम्ही काम उत्तम केलंत." आणि पंखावरच वही टेकवून त्यांनी सही केली.

दुपारी शंकू आणायला आम्ही गाडीने तळ्यावर गेलो. क्राल आधीच तिथे होते. रात्री रानडुकरं आली होती. मुळं आणि मेलेल्या माशांचे अवशेष शोधत त्यांनी पट्टा मधोमध उकरून ठेवला होता, गुडघ्याएवढे खड्डे, खालचा काळा चिखल वर. मी एका खड्ड्याच्या काठावर पाय ठेवला तर बूट घोट्यापर्यंत आत गेला. ओढून काढताना पाय आला, बूट राहिला. एरवी यावर नितीनरावांनी संध्याकाळभर विनोद केले असते.

ते खड्ड्याकडे बघत होते. "दादा, ते दिसत असूनसुद्धा मला उतरायचं होतं," ते म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत. काल चाललो होतो ना मी. आज डोळ्यांनी बघत होतो आणि खरं कालचंच वाटत होतं."

"पण फिरलात ना?"

"या वेळी फिरलो."

क्रालनी आडवा पडलेला शंकू उचलून झटकला आणि आमच्या हातात दिला. "डुकरांनी गेनेमिगुंग घेतली नव्हती," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

परतीचं

इंगोलश्टाटला पोचलो तेव्हा मनीषाने पानं घेतली होती. नितीनरावांनी दारातूनच सांगितलं, "सही मिळाली." सईने एकदा वर पाहिलं आणि आपल्या खोलीत गेली. मनीषा म्हणाली, "बरं झालं," आणि आमटी गरम करायला आत वळली. जेवताना नितीनराव रानडुकरांबद्दल बोलले. नामिबियाबद्दल नाही.

जेवल्यावर मी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा.

"खरंच परत फिरला?"

"अगदी जमिनीजवळून."

"आणि तू काय म्हणालास?"

मी सांगितलं. ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"मला माहीत होतं, तू म्हणशील. दादा, तू आयुष्यात कुठून हात हलवत परत आलायस? बंद म्युझियमच्या दाराशीसुद्धा तू फोटो काढून घेतोस. म्हणून तर तुला पाठवलं."

"देखरेखीला पाठवलंस ना?"

"नितीनला तुझ्यासमोर नाही म्हणवत नाही. मला वाटलं, तू म्हणशील, तो उतरायला जाईल, बाई शेजारी आहेतच, त्या विमान हातात घेतील. कोणाला काही होणार नाही. सही मिळणार नाही. आणि विषय संपेल."

"म्हणजे मी काय, मागच्या सीटवरचं वजन?"

"हो," ती म्हणाली, आणि मग पुसणं थांबवून, "पण त्याला आता परत फिरता येतं. चांगलंच आहे. चांगलंच आहे, नाही का रे?"

मी तिचा मोठा भाऊ. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणारा. तेव्हा मात्र मी फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागलो.

जाणाऱ्यांनी लाउझित्झला जरूर जावं. जवसाचं तेल घरी आणावं, लवकर खवट होतं म्हणून छोटी बाटली घ्यावी. तळ्याकाठी चालताना जुने बूट घालावेत. विमानाचं म्हणाल तर, कोणी चांगला वैमानिक तुम्हाला नेत असेल तर मागे बसा आणि तोंड बंद ठेवा.

माझे फोटो बायकोने पाहिले. "हे सगळं एवढं तपकिरी का आलंय?" म्हणाली. कॅमेऱ्याचा दोष नाही, असं सांगितलं.

सहलीनंतरच्या रविवारी दुपारी मनीषाचा एक मेसेज आला. एकच शब्द: "उतरला." मी काही विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा आला. आता हवा चांगली असलेल्या प्रत्येक रविवारी येतो. मी उत्तराला अंगठा पाठवतो. आमच्यात त्यावर बोलणं होत नाही.

परवाच्या रविवारी चहा झाला, कप विसळून झाले, बाल्कनीत ऊन सरकून भिंतीवर गेलं, तरी आला नाही. बायको म्हणाली, "अहो, फोन करून बघा ना." मी म्हणालो, बघू थोडं. फोन हातात घेऊन बसलो. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, वर एक छोटं विमान गेलं, कोणाचं कोण जाणे, आणि त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत आम्ही दोघंही वर बघत राहिलो. मग फोन थरथरला. मनीषाचा मेसेज होता, एकच शब्द.